फळ्यावरचं सांगणारी अक्का

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहून शिकवलं. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजनं रसायनशास्त्राचे धडे मराठीत करून इंटरनेटवर फुकट टाकायचं ठरवलं, आणि पहिला धडा माझ्याकडं आला. मी खडू घेतला आणि बोलायला लागले, "आता मी फळ्यावर डाव्या हाताला एक गोल काढला. गोलातनं एक बाण उजवीकडं निघालाय. बाणाच्या टोकाशी एजी लिहिलंय. एजी म्हणजे चांदी."

कॅमेऱ्यामागच्या गृहस्थांनी हात वर केला. "मॅडम, हे सगळं दिसतंय की बघणाऱ्याला. तोंडानं कशाला सांगताय?"

"बघणाऱ्याला दिसतंय हो," मी म्हटलं. "पण ज्यांचे हात आणि डोळे कामात गुंतलेत त्यांनी काय करायचं?"

त्यांनी मान हलवून कॅमेरा परत चालू केला. बाईंचं काहीतरी खूळ आहे असं त्यांना वाटलं असणार. खूळ आहेच, पण ते माझं नाही. ते हुपरीच्या इंदूअक्काचं आहे. मी ते फक्त पुढं चालवते.

अक्का आमच्या घरापासून तिसऱ्या दारात राहायची. तिचं लग्न कुठं झालं, नवऱ्याचं काय झालं, ती माहेरी परत का आली, हे सगळ्या गल्लीला पाठ आहे. मी ते इथं सांगणार नाही, कारण अक्कानं स्वतः ते कधी कुणाला सांगितलं नाही. मला ठाऊक आहे ती माडीवरची अक्का. वर पत्रा, खाली शेणानं नाही तर फरशीनं गार असलेली लांबट खोली, पूर्वेला एक खिडकी, आणि त्या खिडकीच्या उजेडात सहा-सात बायका. प्रत्येकीपुढं पाट, पाटावर घुंगरांचा ढीग, हातात बारीक चिमटा. पैंजणाच्या साखळीला एकेक घुंगरू कडीत अडकवत जायचं. हुपरीत घरोघरी हे काम चालतं, त्यामुळं आम्हा पोरांना घुंगरांचा आवाज ऐकू येतच नाही. तो थांबला तरच ऐकू येतो.

अक्का बुटकी, काटक. चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिथं दोरा. बोटांची टोकं कायमची काळसर. तिची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. हातातली कडी पुरी झाल्याशिवाय ती मान वर करायची नाही. दारात पाव्हणे येऊ देत, चुलीवर दूध उतू जाऊ दे, अक्काचं एकच उत्तर, "थांब. ही कडी होऊ दे." माझी आई म्हणायची, यम आला तरी अक्का त्याला जिन्यात बसवून ठेवील.

अक्काला एक प्रश्न पडला होता, आणि तो अपमानातनं पडला होता.

मी अकरावीत असताना बाहेरगावचा एक व्यापारी जिना चढून वर आला आणि त्यानं पैंजणांचं पुडकं अक्काच्या पाटावर टाकलं. टाकलं म्हणजे फेकलंच. पैंजण काळे पडले होते. "चांदीत खोट घातलीस बाई," तो सगळ्यांदेखत म्हणाला. चांदी त्याची, वजन करून दिलेली, वजन करून परत घेतलेली. अक्का फक्त घुंगरू लावणार. पण काळं पडलं म्हणजे कुणीतरी चोर पाहिजे, आणि समोर अक्का होती. तो गेल्यावर तिनं एकेक पैंजण उचलून मांडीवर घेतला. रडली नाही. त्या दिवसापासून दिसेल त्याला ती विचारायला लागली, "चांदी काळी का पडती?"

कुणी म्हणालं नजर लागते. माझे वडील चांदीची तार ओढायचं काम करायचे, ते म्हणाले, काहींच्या अंगात उष्णता जास्त असते, त्यांच्या पायाला चांदी सोसत नाही. अक्का म्हणाली, "पेटीत ठेवल्याली पण काळी पडती की. पेटीला कुठलं आलंय अंग?"

पुढं मी बी.एस्सी.ला कोल्हापूरला जायला लागले तेव्हा तिनं मलाही गाठलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. सकाळच्या एस.टी.त दप्तर मांडीवर घेऊन बसताना मला वाटायचं, सगळी हुपरी माझ्याकडंच बघतेय. मी ऐटीत सांगितलं, "हवेनं पडती."

"हवेतल्या कशानं?"

"ते पुढच्या वर्षाला आहे," मी म्हटलं. नव्हतं. मला येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजनं नवीन टूम काढली. प्रत्येकानं एक तरी मोफत ऑनलाइन कोर्स करायचा. मोठमोठ्या संस्थांमधले प्राध्यापक इंटरनेटवर शिकवतात, कुणीही घरी बसून शिकावं, वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी फोन काढून नाव नोंदवलं, आणि सगळ्यांनी फोन परत खिशात ठेवला. मी धातूंचा कोर्स घेतला, कारण यादीत तो वर होता. बारा आठवडे, सगळा इंग्रजीत. आमची समजूत अशी की व्हिडिओ नुसता चालू ठेवला तरी हजेरी लागते. आमच्या घरात रेंज नव्हती. अक्काच्या खिडकीत चांगली यायची. मी कॉलेजातनं आले की फोन तिच्या खिडकीत ठेवायची, व्हिडिओ लावायची आणि खाली घरी जाऊन भाकरी खायची. मोफत शिक्षण मी असं घेत होते.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी फोन आणायला जिना चढले आणि मधेच थांबले. वर घुंगरं वाजत नव्हती.

सगळ्या बायका खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. अक्काच्या चिमट्यात कडी तशीच उघडी होती.

"सुजे," अक्का म्हणाली, "हा बाबा मघापासनं सिल्व्हर, सिल्व्हर म्हणतोय. आन् टार्निश म्हंजे काय गं?"

मी फोनवरच शब्दकोश बघितला. "काळं पडणं."

अक्कानं चिमटा खाली ठेवला. अर्धी कडी तशीच टाकून चिमटा खाली ठेवलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

"मागं घे," ती म्हणाली. "पयल्यापासनं लाव. आन् तू बस हितं. वाक्य झालं की थांबवायचं आन् मराठीत सांगायचं."

"अक्का, मला जेवायचंय."

"जेवण कुठं काळं पडतंय? बस."

तिथनं पुढं माडीवर शाळा भरायला लागली. फोन खिडकीत ठेवायचा नाही, स्टुलावर घडी केलेलं कापड आणि त्यावर फोन. चपला जिन्यात. सर वाक्य बोलत असताना मधेच थांबवायचं नाही, पुरं होऊ द्यायचं. मी एकदा शहाणपणानं सांगितलं, "अक्का, हे दीडपट वेगानं पण चालवता येतं, लवकर संपतंय." ती माझ्याकडं बघतच राहिली. "मास्तर म्हंजे काय टांग्याचं घोडं हाय व्हय? त्यांच्या चालीनं बोलू दे त्यास्नी."

त्या सरांचं नाव व्हिडिओच्या सुरुवातीला यायचं, पण ते आमच्यापैकी कुणाच्या जिभेवर बसेना. ते घड्याळ उजव्या हातात घालायचे, म्हणून अक्कानं त्यांना घड्याळसर केलं. तास संपताना ते 'थँक यू' म्हणायचे, आणि अक्का फोनला म्हणायची, "जावा सावकाश."

अडचण वेगळीच होती. बायकांना कान मोकळे होते, डोळे नव्हते. डोळे घुंगरावरनं उचलले की कडी चुकते. आणि घड्याळसर सारखं म्हणायचे, 'हे इथं बघा', 'हे जे दिसतंय ते'. मग अक्कानं कामातनं तेवढा तास स्वतःला सोडवून घेतलं. ती स्टुलाजवळ बसायची आणि फळ्यावरचं सांगायची.

"बायांनो, सरांनी दोन भांडी काढल्यात. एकातनं तार निघाली, दुसऱ्यात बुडाली. आता डावीकडच्या भांड्यात बारकं बारकं ठिपकं काढाय लागल्यात. पुसलं. चुकलं वाटतं सरांचं. परत काढलं."

"काय रंगाचं ठिपकं?" खाली मान घालून शेवंताकाकी विचारायची. ही अक्काची जुनी मैत्रीण आणि जुनी टवाळखोर.

"निळं."

"मग ठीक. मला वाटलं गुलाबी काढलं."

शेवंताकाकी सुरुवातीला फार छळायची. "ह्या वयात इंग्रजी शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय गं तुला?"

"कलेक्टरला घुंगरू लावता येतंय व्हय?" अक्का म्हणाली. "मग मीच वरचढ की."

महिनाभरात गंमत झाली. माझी गरज कमी होत गेली. घड्याळसर तेच तेच शब्द परत वापरायचे, आणि अक्कानं ते पाठ केले. एक शंभर पानी वही केली होती. त्यात इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत आणि शेजारी तिचं स्वतःचं चित्र. इलेक्ट्रॉनला तिनं घुंगरू काढलं होतं. एका धातूकडनं घुंगरू सुटतं आणि दुसऱ्याला जाऊन लागतं, असं ती बायकांना सांगायची, आणि बायकांना ते कळायचं. मला कॉलेजात दीड वर्ष कळलं नव्हतं ते मला त्या माडीवर, घुंगरं मोजताना कळलं. हे आज सांगताना लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

दर आठवड्याला प्रश्न यायचे. एका आठवड्याला विचारलं होतं, चांदी काळी पडायला हवेतला कोणता वायू कारण? खाली चार पर्याय. मी धडाक्यात ऑक्सिजनवर बोट टेकवायला गेले. अक्कानं माझं मनगट धरलं.

"न्हवं. गंधकवाला कुठला हाय बघ."

"अक्का, लोखंड ऑक्सिजननं गंजतं. तसंच हे."

"लोखंड लोखंडाच्या जागी. सर बोलले न्हवं का, सल्फर. तू भाकरी खायला गेल्तीस तवा."

बायका हसल्या. मी फोन उचलला आणि तरातरा खाली गेले. दोन दिवस माडीवर पाय ठेवला नाही. मी घरातली पहिली बारावी पास, मला गावात लोक 'कॉलेजवाली' म्हणतात, आणि ही दहावी नापास बाई मला रसायनशास्त्र शिकवणार! तिसऱ्या दिवशी अक्का आमच्या दारात आली, वही छातीशी धरून.

"रागावलीस व्हय गं?"

मी तोंड फिरवलं.

"मी इंग्रजीत नापास झाल्तो, सुजे. सगळ्यात पास, इंग्रजीत नापास. तवापासनं मला कुणी काय शिकवलंच न्हाई. आता ह्यो बाबा शिकवाय लागलाय तर तू फोन घिऊन पळतीस."

मी फोन दिला. त्या प्रश्नाला पूर्ण गुण पडले.

व्यापारी परत आला तो दहावा आठवडा चालू असताना. तोच, पुडकं फेकणारा. नवीन माल न्यायला आला होता. अक्कानं त्याला बसायला पोतं दिलं, चहा दिला, आणि म्हणाली, "पावणं, ह्यातला तुमच्या पसंतीचा एक पैंजण काढा. अगदी नंबर एक चांदीचा."

त्यानं हसत एक काढला. अक्कानं शेवंताकाकीकडनं एक उकडलेलं अंडं मागवलं, फोडून डब्यात ठेवलं, शेजारी पैंजण ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि डबा त्याच्याच हातात दिला. "उद्या माल न्यायला येताना घिऊन या. मधी उघडू नका."

दुसऱ्या दिवशी तो आला. डबा उघडला. सगळ्या बायका चिमटे धरून थांबल्या होत्या. पैंजण तव्यासारखा काळा.

"हे काय केलंस बाई?"

"मी काय न्हाय केलं. डबा तुमच्याकडं हुता. अंड्यात गंधक असतंय. हवेत बी असतंय, थोडं. गटारीच्या वासात असतंय, रबरात असतंय, तुम्ही पुडक्याला बांधता त्या रबरात पण. चांदीला ते बसलं की चांदी काळी हुती. चांगली चांदी बी हुती." एवढं बोलून तिनं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं पुढं ओढलं, तळाला पैंजण ठेवला, खायचा सोडा टाकला आणि वरनं उकळतं पाणी. कुजक्या अंड्याचा वास सुटला. शेवंताकाकीनं नाकाला पदर लावला. थोड्या वेळानं अक्कानं चिमट्यानं पैंजण वर काढला. लख्ख.

त्यानं पैंजण उजेडात उलटापालटा करून बघितला. माल बांधून घेतला. रबर न लावता दोऱ्यानं बांधला, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. जिन्यात गेल्यावर वळून त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही किती शिकलाय हो?" अगं-तुगं करणारा माणूस 'तुम्ही' म्हणाला.

"शिकतोय अजून," अक्का म्हणाली.

पण त्या प्रश्नानं तिच्या मनात काहीतरी हललं. दुसऱ्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं. "सुजे, ह्याची परीक्षा असती न्हवं? पास झालं की कागद मिळतोय म्हणालतीस. त्या कागदावर माझं नाव येणार? इंदुमती म्हणून?"

मी "बघते" म्हणाले. बघण्यासारखं काही नव्हतं. नाव माझं होतं. खातं माझं, फोटो माझा, ओळखपत्र माझं. दहा आठवडे अक्कानं जे सोडवलं ते सगळं माझ्या नावावर साठलं होतं, आणि परीक्षेला नाव नोंदवायची मुदत कधीच संपली होती. कोर्स फुकट, पण एका खात्यावर माणूस एकच. हे मला पहिल्या आठवड्यात सुचायला पाहिजे होतं. तिच्या नावानं वेगळं खातं काढायला दहा मिनिटं लागली असती. मला सुचलं नाही, कारण अक्का कधी परीक्षा देईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर शिकणारी मी आणि ऐकणारी ती, असंच मी धरून चालले होते.

दोन आठवडे मी तिला सांगितलं नाही. हॉल तिकीट आलं तेव्हा दाखवावंच लागलं. अक्कानं माझा फोटो बघितला, नाव बघितलं. मग म्हणाली, "थांब. ही कडी होऊ दे." कडी लावली. आणखी एक लावली. चार-पाच लावून झाल्यावर मान वर केली.

"चालतंय. फोन तुझा, नाव तुझं. पुढल्या बारीला माझ्या नावानं कर."

"नक्की करतो, अक्का."

परीक्षेला ती माझ्याबरोबर आली. कोल्हापुरात कळंब्याकडच्या रस्त्याला एका कॉम्प्युटर सेंटरात परीक्षा होती. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसली होती, डब्यात दडपे पोहे. आमच्या सगळ्या वर्गानं नावं नोंदवली होती, परीक्षेला आम्ही चौघं. तीन तास अक्का फाटकाबाहेरच्या दगडावर बसून राहिली. मी बाहेर आले तर तिनं डबा उघडायच्या आधी विचारलं, "पयला प्रश्न काय हुता?" मी एकेक सांगत गेले, ती उत्तर देत गेली. माझी सात चुकली होती. तिची दोन.

प्रमाणपत्र आलं. मी छापून माडीवर नेलं. अक्कानं हात पदराला पुसले, कागद उजेडात धरला. माझ्या नावावरनं तिची नजर खाली गेली. "घड्याळसरांची सही हाय की!" तिनं सहीवर बोट ठेवलं, हलकेच, ओली असल्यासारखं. सगळ्या बायकांच्या हातातनं तो कागद फिरला. शेवंताकाकी म्हणाली, "आमच्या माडीचा कागद." अक्कानं चिमटा परत हातात घेतला.

तो कागद आजही माझ्याकडं आहे. मी तो कधी भिंतीला लावला नाही.

कोर्स वर्षातनं एकदाच उघडायचा. पुढच्या जानेवारीत मी शेवटच्या वर्षाला होते, कोल्हापुरात हॉस्टेलवर. अक्काचा फोन आला, "सुजे, उघडलं का गं सरांचं?" मी म्हटलं, "उघडलंय, रविवारी येऊन करतो." तो रविवार गेला. पुढचा गेला. प्रोजेक्ट होता, पाठांतर होतं. मी बघितलं तेव्हा मुदत संपली होती. मी फोन करून अक्काला सांगितलं.

"चालतंय की," अक्का म्हणाली. "सर कुठं पळून जात न्हाईत."

त्याच्या पुढच्या वर्षी कोर्स उघडला त्या पहिल्याच दिवशी मी हुपरीला गेले. माडीवर बसून तिचं खातं काढलं. शिक्षणाचा रकाना आला. अक्का म्हणाली, "दहावी नापास असं हाय का त्यात?" नव्हतं. 'इतर' होतं. "मग इतर लिव." शेवटी तिचं पूर्ण नाव इंग्रजीत पडद्यावर आलं. ती चष्मा सारखा करून बघत राहिली. "आसं दिसतंय व्हय," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी माडीवर बायका कमी झाल्या होत्या. यंत्रावरचे पैंजण यायला लागले होते. पण अक्का आणि शेवंताकाकीनं बारा आठवडे परत केले, तेच व्हिडिओ, तेच घड्याळसर. अक्का आता सर बोलायच्या आधीच वाक्य बोलायची. प्रश्नांना गुण पैकीच्या पैकी. या वेळी तिच्या नावावर.

परीक्षेचं सेंटर तेच. ती आत गेली आणि मी तिच्या दगडावर बसले. फाटकातनं पहिल्या खोलीची काच दिसत होती. अक्काची जागा काचेजवळच होती. तिनं खुर्चीवर बसून आधी कॉम्प्युटरला नमस्कार केला. मग बोट पुढं करून पडद्यावर टेकवलं. काही झालं नाही. परत टेकवलं. चष्मा पुसला, बोट पदराला पुसलं आणि परत टेकवलं.

मी दगडावरनं उठून फाटकाशी गेले. दोन्ही वेळा अक्कानं सगळं फोनवर केलं होतं. तिनं माऊस कधी हातात धरलाच नव्हता. मी तिला एकेक इंग्रजी शब्द सांगितला होता, ओळखपत्र किती वेळा तपासलं होतं. हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्यांदा सुचलं नव्हतं.

आतले एक गृहस्थ तिच्याजवळ आले. अक्का त्यांना बघून उभी राहिली. त्यांनी तिला बसवलं, माऊसवर तिचा हात ठेवून दाखवला. ती माऊस चिमट्यासारखा दोन बोटांत धरून उचलत होती.

तीन तासांनी बाहेर आली. डबा माझ्याकडं होता. मी विचारलं, "किती झाले?"

"पन्नासातलं चौदा." मग म्हणाली, "येत सगळं हुतं गं. हात चालला न्हाई."

आयुष्यभर बारीक कड्यांत घुंगरू अडकवणारे ते हात. एस.टी.त सगळा वेळ ती मला उरलेल्या छत्तीस प्रश्नांमधले आठवतील तेवढे सांगत होती, उत्तरांसकट. कागद मिळणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं. हुपरीच्या स्टँडवर उतरल्यावर ती म्हणाली, "पुढल्या बारीला."

ती बारी आली नाही. त्याच पावसाळ्यात अक्का गेली. साधा ताप म्हणून तिनं दोन दिवस अंगावर काढला. घड्याळसर निवृत्त झाले म्हणे, त्यांचा कोर्स काढून टाकला आणि त्या जागी दुसरा आला. तो चांगला आहे, चित्रं हलतात, रंगीत आहेत. मी वर्गात मुलांना तो लावून देते. ती दुप्पट वेगानं बघतात. मी अडवत नाही. आता सगळं मोफत आहे, सगळं मराठीतही येतंय, आणि मला दर वेळी वाटतं, एक बाई जरा लवकर आली.

मला शेवटची दिसली ती मात्र त्याआधी, मे महिन्यात. परीक्षेनंतरच्या रविवारी मी कोल्हापुरातनं एक माऊस घेऊन गेले होते. म्हटलं, माझा जुना लॅपटॉप दुरुस्तीला टाकलाय, तो आला की आणून देतो, तोवर हा राहू दे. पुढं लॅपटॉप दुरुस्त झाला, पण तो हुपरीला न्यायला मला सवड झाली नाही. मे महिन्यात मी सहज घरी आले आणि माडीवर डोकावले. जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबले.

अक्का पाटापुढं बसली होती. घुंगरांचा ढीग तिनं डाव्या बाजूला सारला होता आणि उजव्या बाजूला पाटावर तो माऊस. वायर कुठंच जोडलेली नव्हती. ती घुंगरांत अडकू नये म्हणून अक्कानं खिडकीच्या गजाला बांधली होती. समोर मोकळी भिंत. अक्का भिंतीकडं बघत माऊस हळूहळू सरकवत होती, थांबत होती, आणि बोट दाबत होती. टक्. परत सरकवत होती. टक्. माऊस आता पाटावरनं उचलत नव्हती.

शेवंताकाकीनं खाली मान घालूनच विचारलं, "काय दिसाय लागलंय गं भिंतीवर?"

अक्कानं भिंतीवरची नजर काढली नाही.

"थांब," ती म्हणाली. "हा प्रश्न होऊ दे."